तबकडीतला खर्ज कोठे हरवतो?

तबकडीवरच्या गाण्यात खर्ज ऐकू येत नाही, हा काय वसंत व्याख्यानमालेत मांडण्याचा विषय झाला, असे कोणी विचारील. ज्या व्यासपीठावरून पाण्याचा प्रश्न, शेतमालाचे भाव आणि संतवाङ्मय यांची चर्चा होते, तेथे गाण्याच्या यंत्राच्या तक्रारी कशाला? आमचे उत्तर असे की, ही तक्रार दिसते तेवढी लहान नाही. हिच्यामागे एकीकडे कष्टाच्या पैशाचा प्रश्न आहे आणि दुसरीकडे आपल्या जुन्या गायकवादकांचा ठेवा राखण्याचा प्रश्न आहे.

गेल्या काही वर्षांत तबकड्या वाजवण्याची हौस पुन्हा वाढली आहे. पुण्यामुंबईकडे नोकरीला गेलेली मुले आईवडिलांसाठी नवे रेकॉर्ड प्लेअर पाठवतात. मग माळ्यावरची ट्रंक खाली येते, तबकड्यांवरची धूळ पुसली जाते आणि घरातली सर्व मंडळी भोवती बसतात. गाण्याचे शब्द कळतात, टाळ खणखणतात. परंतु पखवाज बसल्यासारखा वाटतो, डग्ग्याला घुमारा नसतो आणि ढाल्या आवाजाचा गायक नाकात गात असल्याचा भास होतो. "रेकॉर्डी झिजल्या," असा निकाल कोणीतरी देऊन टाकतो. ट्रंक पुन्हा माळ्यावर जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भंगारवाल्याच्या गाड्यावर चढते. आता, जुन्या तबकड्यांच्या प्रती दिवसेंदिवस कमी होत आहेत. भंगारात गेलेली तबकडी परत मिळत नाही. म्हणून निकाल देण्यापूर्वी चौकशी नीट झाली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आम्ही काही विजेचे इंजिनिअर नाही. आमचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि सभांचे लाउडस्पीकर बांधता-सोडता झाले. तेव्हा जे सांगावयाचे ते कामगाराला घरी करून पाहता येईल अशाच रीतीने सांगू.

खर्ज म्हणजे काय

आवाज म्हणजे हवेची कंपने. सेकंदाला कंपने थोडी, तर स्वर खालचा. पुष्कळ, तर स्वर वरचा. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. त्याच्या तंबोऱ्यावरची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ कंपनांवर लागते. डग्ग्याचा घुमारा साधारणपणे शंभराच्या आसपास आणि त्याखाली असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती एवढ्यासाठीच. कणकेच्या वजनाने पुडी सावकाश कंप पावते आणि आवाज खाली उतरतो. नामदेवांच्या नर्सीला एकादशीच्या भजनात जो नाद छातीला जाणवतो तो या कणकेचा.

गंमत अशी की, शब्द कळण्यासाठी खर्जाची गरज फारशी पडत नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून ३०० ते ३४०० कंपनांपुरताच आवाज जात असे, तरी माणसे तासन्‌तास बोलत. आमच्या सभांना लागणारा पत्र्याचा कर्णाही तीनशेच्या खालचे जवळपास काही देत नाही, आणि तरीही भाषण मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचते. यामुळे खर्ज गेला तरी "गाणे वाजते आहे" असे वाटत राहते. नुकसान झालेले असते, पण पुष्कळांना ते चटकन उमजत नाही.

पोते कोठे हलके झाले?

हिंगोली आणि वसमत या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा आहेत. तेथे काम करणाऱ्या हमालाला एक अनुभव ठाऊक असतो. वखारीतून निघालेले पोते मुक्कामाला वजनात कमी भरले की, पहिला संशय ज्याच्या पाठीवर ते होते त्याच्यावर येतो. खरे पाहता शोधण्याची रीत वेगळी आहे. पोते वखारीत तोलावे, गाडीत चढवताना तोलावे, उतरवताना तोलावे. ज्या दोन टप्प्यांमध्ये वजन घटले, तेथेच चौकशी करावी. बाकीच्यांना विनाकारण धारेवर धरू नये.

खर्जाचेही असेच आहे. त्याचा प्रवास पाच टप्प्यांचा: पहिली तबकडी, दुसरा सुई व तिच्यावरचा पिकअप, ज्याला आता कार्ट्रिज म्हणतात, तिसरा ॲम्प्लिफायर, चौथा स्पीकर, आणि पाचवी आपली खोली. खर्ज यांपैकी कोठेही गळू शकतो. ऐकणाऱ्याला मात्र तो नाही एवढेच कळते, आणि बिचारी तबकडी बोलू शकत नसल्यामुळे आळ तिच्यावर येतो.

आडात नाही ते पोहऱ्यात

सर्वप्रथम तक्रार खरी आहे की नाही ते पाहावे. काही तबकड्यांत खर्ज मुळातच थोडा असतो. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. गायक मोठ्या कर्ण्यासमोर गाई आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेच मेणावर चर कोरला जाई. खालचे स्वर ओढून नेण्याचे बळ त्या रीतीत नव्हते. १९२५ साली अमेरिकेत व इंग्लंडात विजेच्या मायक्रोफोनने मुद्रण सुरू झाले आणि नंतर काही वर्षांत ते आपल्याकडे रुळले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३० नंतरच्या तबकड्या शेजारी ठेवून ऐकाव्यात, म्हणजे हा फरक कळून येतो. गायक तोच, मधल्या काळात यंत्र बदलले. पहिल्या तबकड्यांतून भरदार खर्ज मागणे म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधणे होय.

दुसरे, आवाज किती मोठा ठेवला आहे तेही पाहावे. आपला कानच हळू आवाजात खालचे स्वर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. घरातली माणसे झोपल्यावर हळूच लावलेले गाणे पातळ वाटले तर यंत्राचा दोष नाही. पुष्कळ ॲम्प्लिफायरांवर 'लाउडनेस' नावाचे बटण असते, ते याचसाठी. त्याच्या शेजारी चाकाची घरघर कापणारे एखादे 'फिल्टर'चे बटण असेल तर ते दाबलेले राहिले आहे काय, तेही बघून घ्यावे. तीन निरनिराळ्या तबकड्या, त्यांपैकी एक तरी डग्गा किंवा पखवाज ठळक असलेली, नेहमीच्या आवाजात लावाव्यात. तिन्ही पातळ वाजल्या तरच पुढे जावे.

एका चाचणीने निम्मे काम

आता मुख्य चाचणी सांगतो. ज्या ॲम्प्लिफायरला आणि स्पीकरांना रेकॉर्ड प्लेअर जोडला आहे, त्यांनाच मोबाइल जोडावा आणि त्याच धर्तीचे, शक्य असेल तर तेच गाणे लावावे. मोबाइलचे गाणे भरदार वाजले तर ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि खोली हे तीन टप्पे बहुतेक निर्दोष सुटतात. तोटा प्लेअर, पिकअप किंवा त्यांच्या जोडणीत आहे. मोबाइलचे गाणेही तसेच पातळ वाजले, तर प्लेअरला हात लावण्याचे कारण नाही. एक पैसा खर्च न करता शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

वसमतच्या बाजारात आयुष्यभर पोती वाहिलेले आमचे एक सहकारी आहेत. त्यांच्या वडिलांनी पै पै साठवून जमवलेल्या भजनांच्या व शाहिरांच्या साठसत्तर तबकड्या त्यांच्याकडे होत्या. मुलीने नवा प्लेअर पाठवला. तो त्यांनी घरच्या ॲम्प्लिफायरला जोडला आणि चार दिवसांनी आमच्याकडे येऊन म्हणाले, "भाऊ, ह्यो पखवाज हाय का तेलाचा डबा, काहीच कळना." एका दुकानात त्यांना खर्जासाठी वेगळा मोठा स्पीकर घेण्यास सांगितले होते, किंमत त्यांच्या कित्येक महिन्यांच्या घरखर्चाएवढी. दुसऱ्या एका जाणत्याने तबकड्या झिजल्या म्हणून सांगितले आणि एक गिऱ्हाईकही आणून उभे केले. आम्ही मोबाइल जोडून पाहिला. ढोलकी स्वच्छ घुमली. म्हणजे नवा स्पीकर घेणे हे रोग म्हशीला आणि औषध पखालीला असे झाले असते. दोष प्लेअरच्या बाजूला होता. तो कोणता, हे समजण्यासाठी तबकडीच्या चराची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

चर अरुंद का कोरतात

खालचा स्वर कोरताना सुईला चरामध्ये डावीउजवीकडे फार लांब झोके घ्यावे लागतात. ते जसेच्या तसे कोरले तर शेजारचे चर एकमेकांत शिरतील आणि एका बाजूवर फार थोडे गाणे मावेल. म्हणून कोरतानाच खालचे स्वर लहान करतात आणि वरचे मोठे करतात. वाजवताना नेमके उलटे करून हिशेब जुळवतात. हे प्रमाण पूर्वी कंपनीगणिक वेगळे होते. १९५४ साली अमेरिकेतील रेकॉर्ड उत्पादकांच्या संघटनेने एक प्रमाण ठरवले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. 'आरआयएए' या अक्षरांनी ते ओळखले जाते. या प्रमाणाप्रमाणे वाजवताना १००० कंपनांच्या स्वराच्या मानाने ५० कंपनांचा स्वर सुमारे सात पट वाढवावा लागतो, आणि १०,००० कंपनांचा स्वर सुमारे एकपंचमांशावर आणावा लागतो.

हे काम फोनो प्रीॲम्प नावाचा छोटा टप्पा करतो. चुंबकी पिकअपमधून निघणारी वीज अवघी काही हजारांश व्होल्ट असते. तिला मोठे करणे हेही त्याचेच काम. जुन्या चांगल्या ॲम्प्लिफायरांत 'फोनो' नावाची वेगळी खोबण असे आणि हा टप्पा तिच्या मागे बसवलेला असे. आजच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरांत ती खोबणच नसते. म्हणून नव्या प्लेअरांपैकी बऱ्याच जणांत हा टप्पा आतच बसवतात आणि पाठीमागे एक बारीक बटण देतात. त्याच्या एका बाजूला 'फोनो' आणि दुसऱ्या बाजूला 'लाइन' लिहिलेले असते. बटण 'फोनो'वर असेल तर आतला टप्पा बंद राहतो आणि पिकअपची कच्ची वीज तशीच बाहेर जाते. ती साध्या 'ऑक्स' खोबणीत घातली की आवाज लहान येतो, वरचे स्वर टोचतात आणि खर्ज नाहीसा होतो.

वसमतच्या आमच्या सहकाऱ्यांच्या घरी हेच झाले होते. बटण 'फोनो'वर होते. ते 'लाइन'वर सरकवले. पखवाजाचे डावे तोंड बोलू लागले. खर्च शून्य, आणि तबकड्या घरातच राहिल्या.

याची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. आवाज लहान आणि पातळ असा दोन्ही असेल, आवाजाची खुंटी जवळजवळ पुरती फिरवावी लागत असेल, तर हा टप्पा सुटला आहे असे समजावे. उलट, बटण 'लाइन'वर आणि वायर ॲम्प्लिफायरच्या 'फोनो' खोबणीत असेल तर तोच टप्पा दोनदा लागतो, आणि गाणे फाटके व घोंगावणारे येते. बेसची खुंटी पुरती फिरवून ही उणीव भरून काढता येत नाही. सात पटींची तूट खुंटीने भरत नाही. चाकाची घरघर मात्र वाढते.

सुईकडची आणखी कारणे

आवाज पुरेसा मोठा आहे आणि तरी खर्ज नाही, असे असेल तर पुढची कारणे पाहावीत.

पेटीवजा जुन्या प्लेअरांत चुंबकी पिकअपऐवजी स्फटिकाचा किंवा सिरॅमिकचा पिकअप असे. तो बरीच जास्त वीज देतो आणि त्याला फोनो टप्पा लागत नाही. पण त्याच्यापुढे सुमारे दहा लाख ओहम किंवा त्याहून अधिक रोधाची खोबण असावी लागते. आजच्या ॲम्प्लिफायरांचा रोध पुष्कळदा त्याच्या विसाव्या हिश्शाएवढाच असतो. अशा जोडणीत खालचे स्वर गळून जातात. जाणत्या मेकॅनिककडून मध्ये जास्त रोधाचा छोटा जोडटप्पा बसवून घेणे हा यावरचा उपाय. स्फटिकाच्या जुन्या पिकअपांत रोशेल लवण वापरत. ते उष्णतेने व दमट हवेने खराब होते. मराठवाड्यातले चाळीस-पन्नास उन्हाळे पत्र्याखाली काढलेला असा पिकअप मेलेला निघाला तर आश्चर्य नाही. तो बदलावाच लागतो.

चुंबकी पिकअपच्या पाठीमागे चार बारीक तारा असतात. पांढरी व निळी ही डाव्या बाजूची जोडी, तांबडी व हिरवी ही उजव्या बाजूची. सुई बदलताना कोणी एका जोडीतल्या तारांची अदलाबदल केली, तर दोन्ही स्पीकर एकमेकांविरुद्ध काम करू लागतात आणि खर्ज मरतो. मोबाइलवर खर्ज आहे, तबकडीवर नाही, आणि गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध न येता चोहीकडे पसरल्यासारखा वाटतो, तर या तारा तपासाव्यात.

सुईचा भार कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितला असेल तेवढाच ठेवावा. आजच्या चुंबकी कार्ट्रिजना तो साधारण दीड ते दोन ग्रॅम लागतो. सिरॅमिकला त्याहून बराच जास्त. आर्मवर नाणे ठेवण्याची जुनी चाल आहे. तिने खर्ज परत येत नाही, चर मात्र लवकर घासतो. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा चर रुंद असतो. त्यांना सुमारे तीन सहस्रांश इंच जाडीच्या टोकाची सुई लागते, तर लाँग प्लेइंग तबकडीला एक सहस्रांश किंवा त्याहूनही बारीक. बारीक सुई ७८ च्या चरात तळाला घासत जाते. खरखर वाढते आणि गाणे दुबळे होते. त्यासाठी वेगळी सुई घ्यावी. शिवाय ७८ च्या बहुतेक तबकड्या १९५४ च्या प्रमाणापूर्वीच्या असल्यामुळे त्यांच्यासाठी बेसची खुंटी थोडी इकडेतिकडे करावी लागली तर त्यात काही गैर नाही.

स्पीकर आणि खोली

मोबाइलवरही खर्ज नसेल तर ॲम्प्लिफायरच्या पुढे जावे. येथे पहिला संशयित म्हणजे स्पीकरच्या वायरा. प्रत्येक स्पीकरला तांबडी आणि काळी अशी दोन टोके असतात. एका स्पीकरवर ती उलटी लागली की, एकाचा पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे ओढतो. हातगाडीला एक हमाल पुढून ढकलतो आणि दुसरा मागून ढकलतो. मेहनत दोघांची, गाडी जागच्या जागी. खालच्या स्वरांच्या लहरी अनेक फूट लांब असल्यामुळे त्या एकमेकींना जवळजवळ पूर्ण मारतात. वरच्या स्वरांच्या लहरी आखूड, त्या निसटतात. म्हणून टाळ ऐकू येतात आणि पखवाज बुडतो.

चाचणी सोपी आहे. दोन्ही स्पीकर समोरासमोर वीतभर अंतरावर ठेवून गाणे लावावे. मग ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या वायरा उलटवाव्यात आणि तेच गाणे पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत खर्ज जास्त ती बरोबर. स्पीकरवरच्या खुणा पुसल्या असतील तर त्याला ॲम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक ज्या टोकाला लावल्यावर पडदा बाहेर येतो, ते तांबडे.

दुसरे कारण पेटीचे. उघड्या स्पीकरच्या पाठीमागची हवा पुढे वळून येते आणि पुढच्या हवेला मारते. म्हणून स्पीकरला बंदिस्त पेटी लागते. आपल्या खेड्यांत स्पीकर माठाच्या तोंडावर बसवण्याची युक्ती पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यात शास्त्र आहे, कारण माठ मागची हवा कोंडतो. परंतु माठाला स्वतःचा एक स्वर असतो. तो स्वर आला की माठ घुमतो आणि बाकीच्या स्वरांना गप्प राहतो. डग्ग्याचे सगळे बोल एकसारखे वाटू लागले तर दोष माठाचा समजावा. सभेच्या कर्ण्यांवर गाणी लावून खर्ज शोधणे तर व्यर्थच. जुन्या स्पीकरांच्या पडद्याभोवतीचा फोम कालांतराने भुगा होतो. बोट लावून तो तुटत असेल तर नवा चिकटवून घ्यावा. अख्खा स्पीकर टाकू नये.

तिसरे कारण खोलीचे. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ कंपनांचा स्वर भिंतींजवळ सर्वांत मोठा आणि मधोमध सर्वांत लहान असतो, कारण दोन भिंतींमध्ये त्याची अर्धी लहर बरोबर मावते. म्हणून खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकून बसणाऱ्याला तो ऐकू येत नाही. खुर्ची दोन फूट मागे घ्यावी. स्पीकर खोलीच्या मध्याकडे असतील तर भिंतीजवळ सरकवावेत. कोपऱ्यात खर्ज आणखी वाढतो, कधी नकोसा होईपर्यंत वाढतो. जाड भिंतींच्या जुन्या माळवदाच्या घरात खर्ज कोंडून राहतो. पत्र्याच्या घरात तो छपरातून आणि भिंतींतून बाहेर निघून जातो. स्पीकर तेच, गाणे तेच, आणि दोन घरांत दोन प्रकारचा आवाज येतो, त्याचे कारण हे आहे.

शेवटी ॲम्प्लिफायर. ट्रान्झिस्टरवरच्या पुष्कळ जुन्या ॲम्प्लिफायरांत गाण्याची वीज स्पीकरकडे जाताना एका मोठ्या कपॅसिटरमधून जाते. तो १००० मायक्रोफॅरडचा आणि स्पीकर आठ ओहमचा असेल, तर सुमारे २० कंपनांपर्यंतचा खर्ज पार होतो. तोच वाळून १०० वर आला तर २०० कंपनांच्या खालचे स्वर अडू लागतात, म्हणजे डग्गा जवळजवळ गेलाच. दर दहा अंश उष्णतेमागे या कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते असा मेकॅनिक लोकांचा ठोकताळा आहे. तेव्हा आपल्या भागात उन्हात, पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवलेला ॲम्प्लिफायर लवकर म्हातारा होतो. ही दुरुस्ती थोड्या पैशांची आहे, पण ती घरी करू नये. वीज काढल्यानंतरही आतले कपॅसिटर भरलेले राहतात, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत त्यांचा झटका जिवावर बेतू शकतो.

खर्च सर्वांत शेवटी

वर सांगितलेला क्रम पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येईल. पहिल्या बहुतेक उपायांना पैसा लागत नाही: तबकडी बदलून पाहणे, मोबाइल जोडणे, बटण सरकवणे, वायर उलटवणे, खुर्ची हलवणे. त्यानंतर थोड्या पैशांचे उपाय येतात: सुई, फोम, कपॅसिटर, जोडटप्पा. नवा स्पीकर किंवा नवा ॲम्प्लिफायर हा शेवटचा उपाय. दुकानात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा सांगितला जातो, कारण फुकटच्या उपायात दुकानाचा काही फायदा नसतो. विकणाऱ्याने विकावे, घेणाऱ्याने आधी चौकशी करावी.

चौकशीचे दोन नियम संघटनेच्या कामात आम्हाला उपयोगी पडले आणि येथेही पडतात. एका वेळी एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम हलवल्या आणि खर्ज परत आला, तर तो कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते. आणि प्रत्येक बदल वहीत लिहावा: कोणती तबकडी, कोणते बटण, काय ऐकू आले. कानाची आठवण मिनिटा-दोन मिनिटांत पुसट होते. वहीतली टिपणी राहते.

एवढे करूनही एखादी तबकडी पातळच वाजली तर ती खरोखर झिजलेली असेल किंवा मुळातच तशी मुद्रित झालेली असेल. तरीही ती टाकू नये. तिच्यावर कोणीतरी गायलेले आहे, कोणीतरी डग्गा धरलेला आहे, आणि कलकत्त्याजवळ दमदम येथे १९२८ साली उभ्या राहिलेल्या कारखान्यासारख्या ठिकाणी कामगारांनी ती दाबून घडवलेली आहे. उभी ठेवावी, उन्हापासून दूर ठेवावी, पाकिटावर नाव व साल लिहावे. गावच्या वाचनालयाने अशा तबकड्यांची एक यादी केली आणि वर्षातून एकदोनदा त्या सर्वांना ऐकवल्या, तर आजच्या मुलांना आपल्या पखवाजाचे डावे तोंड कसे बोलत होते ते कळेल. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, कोठेही असा प्रयत्न होत असेल तर जोडणी तपासण्यास आम्ही जरूर येऊ. येताना एक मोबाइल, एक सेल आणि एक वही एवढेच आणू.